ब्रास मोजता, बोटंही मोजा

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
यांस स.न.वि.वि.

जिल्ह्यातल्या दगडखाणींमधून निघालेल्या प्रत्येक ब्रासचा (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माग प्रशासनाला काढता येतो. खाणपट्टा देताना गट नंबर, क्षेत्र, हद्दीचे खांब सगळं कागदावर येतं. ब्रासमागे 600 रुपये स्वामित्वधन भरून घेतलं जातं. खड्डा किती खोल गेला, मंजुरीपेक्षा जास्त दगड उचलला का, हे बघायला ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रानं, मोजणी होते. खडी घेऊन निघालेल्या गाडीला महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा पास लागतो, जीपीएस लागतं. विनापास हायवा (खडीचा मोठा डंपर) सापडला तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. त्यासाठी महसूलचे लोक रात्री-अपरात्री रस्त्यावर उभे राहतात. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दगड सरकारचा आहे, त्याची चोरी होऊ नये.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्याच खड्ड्यात माणसाचा अंगठा तुटला, डोळा गेला, पाय चेचला, तर एवढ्या मोठ्या यंत्रणेला त्याची खबर लागत नाही. मोजणीला आलेला माणूस खड्ड्यात उतरतो, आकडे घेतो, सही घेतो आणि जातो. हाताला फडकं गुंडाळून सावलीला बसलेल्या गड्याला "काय झालं रे?" एवढं विचारणं त्याच्या कामात बसत नाही, म्हणून तो विचारत नाही.

मी वडाराच्या घरातला. वडील घण चालवायचे, आई बसून खडी फोडायची. मी शिकलो, आणि आता सोलापुरात एका वकिलांकडे नुकसानभरपाईचे अर्ज टाइप करतो. त्यामुळे खाण मला दोन्हीकडून ठाऊक आहे, आतून आणि कागदावरून. कागदावरची खाण फार सुरक्षित असते.

एक प्रकरण सांगतो. गावाचं आणि क्रशरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर हे एकट्या त्या क्रशरचं नाही, आणि त्या गड्याला अजून त्याच भागात काम मिळवायचंय.

क्रशरमध्ये, म्हणजे दगडाची खडी करणाऱ्या यंत्रात, माल वाहणारा फिरता पट्टा असतो आणि त्याच्या खालच्या टोकाशी ड्रम. त्यावर डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, चिकटून बसते. पावसाळ्यात ती ओली होऊन घट्ट होते, मग पट्टा एका बाजूला सरकतो आणि त्याची कड घासायला लागते. ती डस्ट खरवडायची तर पट्टा बंद करायला हवा. पण पट्टा बंद म्हणजे वरचा जॉ, म्हणजे दगड फोडणारा जबडाही बंद, आणि जॉमध्ये दगड अडकलेले असताना मशीन पुन्हा उचलत नाही, आधी माल हातानं मोकळा करावा लागतो. तेवढ्यात दोन गाड्या रिकाम्या उभ्या राहतात. म्हणून चालू पट्ट्यावरच लोखंडी पट्टीनं खरवडतात. ड्रमभोवतीची जाळी तर कधीच काढून कोपऱ्यात टाकलेली असते, कारण जाळी असली की खरवडता येत नाही. या गड्याच्या हातात सुती हातमोजे होते, सुरक्षेसाठी म्हणून दिलेले. मोज्याचा उसवलेला दोरा ड्रम आणि पट्ट्याच्या मध्ये गेला आणि दोऱ्यामागून हात गेला. पट्ट्याच्या कडेनं एक दोरी असावी लागते, ओढली की मोटर जागीच बंद पडते. तिथे ती नव्हती. दुसरा गडी स्टार्टरपर्यंत पळत गेला, तोवर डाव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला होता.

अपघात पुसण्याचं काम इथून सुरू होतं. मालकाच्या गाडीतून त्याला ओळखीच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. रस्त्यात मुकादमानं पढवलं, "मोटारसायकलच्या चेनमध्ये अडकला म्हण. पोलीस आले तर क्रशरला कुलूप लागतंय, सगळ्यांचीच हाजरी जाईल बे." केसपेपरवर तेच उतरलं. पुढचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसवलं, म्हणजे मालकाच्या खिशातून तेही गेलं नाही. पंधरवड्यानं मालकानं त्याच्यावरची उचल (आगाऊ दिलेले पैसे) माफ केली, वर चाळीस हजार रोख दिले आणि पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. अंगठा उठवायचा तो डाव्या हाताचा असतो. तो नव्हता, म्हणून उजव्याचा ठसा घेतला. तो कागद आमच्या टेबलावर आला तेव्हा मी दोनदा बघितला.

आता कामगार नुकसानभरपाई कायद्याचं गणित बघा. त्या गड्याचं वय 35 आणि पगार महिना 15,000 धरू. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणांकानं गुणायचं. पस्तिशीचा गुणांक 197.06 आहे. 9,000 गुणिले 197.06, म्हणजे 17,73,540 रुपये. अंगठा गेला तर परिशिष्टात कमाईच्या क्षमतेचं नुकसान 30 टक्के लिहिलंय, त्या हिशेबानं 5,32,062 रुपये. एका डोळ्याची नजर गेली तरी तेच 30 टक्के. मृत्यू झाला तर पगाराच्या 50 टक्क्यांवर गणित होतं आणि घरच्यांना 14,77,950 रुपये मिळायला हवेत. ही मेहेरबानी नाही, 1923 पासून चालत आलेला कायदा आहे. भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार त्याच कायद्यानं रद्दबातल ठरतो, त्यामुळे पाचशेच्या स्टॅम्पला किंमत पाचशेचीही नाही. माणूस ठेकेदाराचा होता म्हणून मूळ मालक सुटत नाही.

मग लोक दावा का लावत नाहीत? कारण दाव्याला आधी हे दाखवावं लागतं की हा माणूस त्या दिवशी त्या खाणीवर कामाला होता. हजेरी मुकादमाच्या खिशातल्या डायरीत, तीही टोपणनावानं. 'काळ्या', 'बिजापूरवाला', 'मोठा राजू'. पगार आठवड्याला रोख, तोही उचल वळती करून. आणि केसपेपर मोटारसायकलचा. दावा ज्या तीन कागदांवर उभा राहतो ते तिन्ही समोरच्या पार्टीच्या हातात आहेत. आमचे वकील साहेब माणसाचं ऐकून घेतात, चहा पाजतात आणि सांगतात, साक्षीदार आणा. साक्षीदार त्याच क्रशरवर कामाला असतो.

काही मालक अभिमानानं सांगतात की आम्ही सगळ्यांचा वीस रुपयांचा विमा उतरवलाय. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगलीच आहे. पण तिच्यात मृत्यूला 2 लाख आणि एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची नजर गेली तर 1 लाख मिळतात. अंगठा तिच्यात बसत नाही. शिवाय तो विमा कामगाराचा आहे, मालकाच्या देण्यातून तो वजा होत नाही. हे मी मालकांना तोंडावर सांगितलंय. ते हसतात.

पट्ट्याचं मी सविस्तर लिहिलं, कारण क्रशरवर हात जाण्याचे प्रकार मी त्याच जागी जास्त ऐकलेत. खाणीच्या आत दुसरं जग आहे. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग पाषाण. मुरमाचा थर बाजूला सारायला डिझेल लागतं, म्हणून खालून पोखरतात, म्हणजे वरचं आपोआप खाली येतं. येतं तेव्हा खाली कोण उभं आहे हे ते बघत नाही. 1961 च्या धातुखाण विनियमांत स्पष्ट लिहिलंय की माती-मुरमाच्या कडेला 45 अंशांपेक्षा तीव्र उतार ठेवायचा नाही, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या काढायच्या आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी ठेवायची नाही. खालून पोखरायला तर मनाईच आहे. सोलापूरहून विजयपूरकडे, हैदराबादकडे, बार्शीकडे, कुठल्याही रस्त्यानं जाताना शेजारची खाण गाडी थांबवून बघा. विहिरीसारख्या सरळ उभ्या कडा दिसतील.

मग बार, म्हणजे सुरुंग. ब्लास्टिंगवाला संध्याकाळी गाडी घेऊन येतो, भोकं भरतो, वात पेटवतो किंवा बटण दाबतो, पैसे घेतो आणि जातो. किमान 300 मीटरच्या टापूत कोणी राहू नये, भोंगा वाजावा, रस्त्यावर लाल झेंडा घेऊन माणूस उभा राहावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात कोणीतरी "बाऽऽर" म्हणून ओरडतं आणि बाकीचे पोकलेनच्या आडोशाला पळतात. शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बायकांना तर तेही ऐकू जात नाही. त्याहून वाईट म्हणजे न फुटलेला बार. संध्याकाळी दहा भोकं भरली आणि नऊच फुटली, हे अंधारात कोण मोजणार? ब्लास्टिंगवाला गावाला गेलेला असतो. सकाळी ड्रिलवाला येतो, त्याला कालचं अर्धं भोक दिसतं आणि आयतं भोक मिळालं म्हणून त्यातच ड्रिल घालतो. जुन्या भोकात ड्रिल घालायचं नाही, हा खाणीतला पहिला धडा आहे. पण तो शिकवायला कोणी नसेल तर परगावाहून काल आलेल्या पोरानं तो कुठून शिकावा? खाणीत उतरण्याआधी माणसाला प्रशिक्षण द्यावं, यासाठी 1966 पासून वेगळे नियम आहेत. इथे प्रशिक्षण म्हणजे मुकादम पहिल्या दिवशी सांगतो, "नीट बघून काम कर."

डोळ्यांचं थोडं सांगू द्या. घण मारताना, ब्रेकरजवळ, जॉच्या तोंडाशी कपची उडते. कधी ती मोठी असते आणि डोळा जागीच जातो. पण बहुतेक वेळा बारीक कण असतो. माणूस डोळा चोळतो, बायको ओल्या पदराच्या टोकानं कण काढते, दुसऱ्या दिवशी तो तसाच कामावर जातो. बुबुळाला ओरखडा गेलेला असतो, त्यात धूळ आणि घाम जातो, पू होतो, आणि जखम भरते तेव्हा फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडलेलं असतं. वडार वस्तीत फूल पडलेले डोळे मी लहानपणापासून बघतोय. आमच्याकडे कोणी त्याला अपघात म्हणत नाही. वय झालं, म्हणतात. चाळिशीत. वेळेत औषध मिळालं असतं तर यातले बरेच डोळे वाचले असते, आणि तो उपचार काही महागडा नाही.

गॉगल देतात की, असं कोणी म्हणेल. देतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा 43-44 वर असताना आणि खाली काळा पाषाण तापलेला असताना, प्लास्टिकचा बंद गॉगल लावून दहा मिनिटं काम करून बघावं. आत वाफ धरते, समोरचं दिसेनासं होतं, आणि न दिसणं हा खाणीत दुसरा धोका. जुने पाथरवट बारीक तारेच्या जाळीचा चष्मा वापरायचे. त्याच्यावर वाफ धरत नाही, कपची अडते. तो आजही मिळतो आणि स्वस्त आहे. पण तपासणीत गॉगलचा फोटो लागतो, म्हणून गॉगल घेतले जातात. कपाटात ते नवेकोरे असतात.

धुळीबद्दल फार ताणत नाही. आपला दगड बेसाल्ट आहे, राजस्थानातल्या वालुकाश्मात असते तेवढी मोकळी सिलिका त्यात नसते, हे खरं. पण क्रशरची डस्ट दहा-पंधरा वर्षं छातीत गेलेल्या माणसाला दम लागतो तेव्हा त्याला हा फरक सांगून उपयोग नाही. त्याची छाती तपासलीच जात नाही आणि टीबी समजून औषधं चालू होतात. राजस्थाननं 2019 मध्ये फुफ्फुसाच्या या आजारांसाठी वेगळं धोरण केलं. रुग्ण ठरवण्याची पद्धत घालून दिली, मदतीची रक्कम ठरवली. आपल्याकडे निदान पाण्याचा फवारा तरी चालू असावा. तो क्रशरवर बसवलेला असतो, चालू असतो का ते टाकीत पाणी आहे का बघून कळेल.

कायदा लहान खाणींना लागू नाही, असं आपल्या कार्यालयात कोणी सांगेल. मला सांगितलं गेलंय. 1952 च्या खाण अधिनियमात मुरूम, खडी, इमारतीचा दगड काढणाऱ्या उघड्या खाणींना सूट होती, पण तिच्या अटी वाचाव्यात. खोली कुठेही 6 मीटरपेक्षा जास्त नको, कुठल्याही एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि स्फोटकं वापरलेली नकोत. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या तरच सूट. ज्या खाणीत एकदाही बार उडाला, ती खाण सुटीबाहेर गेली. आपल्या जिल्ह्यात बार न उडवता पाषाण काढणारा खाणवाला कोण आहे, त्याचा सत्कार करायला मी येईन. आता हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांमध्ये गेलेत आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाल्यात. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे ज्या कागदावाचून आमचे दावे पडतात, तो कागद आता कायद्यानंच मागितलाय.

गंभीर दुखापत म्हणजे काय हेही 1952 च्या कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. हाताच्या किंवा पायाच्या बोटाचं एक पेर मोडलं तरी ती गंभीर दुखापत. ती झाली की मालकानं धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवायचं असतं. या हिशेबानं आपल्या जिल्ह्यातून धनबादला बऱ्यापैकी टपाल जात असायला हवं.

पत्रानं काय होणार, असं माझे मित्र म्हणाले. त्यांना मी 1982 ची गोष्ट सांगितली. फरिदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगार कामगारांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चानं सर्वोच्च न्यायालयाला पत्रच लिहिलं होतं. न्यायालयानं ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं, आणि न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठानं 16 डिसेंबर 1983 रोजी निकाल दिला. दगडखाणींना खाण अधिनियम लागू होतो, क्रशरवर धूळ दाबायला पाण्याचा फवारा किंवा धूळ ओढणारं यंत्र हवं, प्यायला स्वच्छ पाणी हवं, जखमीला उपचार आणि भरपाईसाठी मदत मिळाली पाहिजे, हे सगळं त्यात आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ उलटला. त्यामुळे मी आपल्याकडे नवं काही मागत नाहीये.

अडचण कुठे आहे हेही मला कळतं. खाणीची सुरक्षा बघायची खाण सुरक्षा महासंचालनालयानं, ते केंद्राचं. क्रशर खाणीच्या हद्दीबाहेर असला तर तो कारखाना, म्हणून तो औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे. स्फोटकांचा परवाना नागपूरच्या पेसोच्या, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेच्या, अखत्यारीत. धूळ प्रदूषण नियंत्रण मंडळाची. मजुरी कामगार आयुक्तांची. तुटलेला अंगठा घेऊन माणसानं यातल्या कुठल्या दारात उभं राहायचं? प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो, आणि प्रत्येकाचं दाखवणं नियमाला धरूनच असतं. यातल्या एकाच अधिकाऱ्याच्या हातात खाणीची नाडी आहे, ते म्हणजे आपण. पास बंद झाला की खाण बंद. इतर खात्यांच्या नोटिसा फायलीत राहतात. आपल्या कार्यालयाचा फोन गेला की मालक स्वतः येतो.

म्हणून मागणी आपल्याकडे, आणि ती दोनच जागी बोट ठेवते.

पहिली जागा आपलं स्वतःचं टेबल. खाणपट्ट्याची मुदत वाढवताना आणि पास देताना खनिकर्म शाखा जे कागद मागते त्यात तीन कागद वाढवा: कामगारांची नावानिशी हजेरी आणि बँकेतून पगार दिल्याचा पुरावा, अपघातांची नोंदवही, आणि खाण सुरू केल्याची नोटीस महासंचालनालयाला दिल्याची पोच. ईटीएस मोजणीच्या तक्त्यात एक रकाना घाला, मागच्या मोजणीपासून किती माणसं जखमी. तिथे शून्य लिहिलं असेल तर मोजणीवाल्यानं खाली उतरून चार माणसांना विचारावं आणि विचारल्याचं लिहावं. त्याला एवढा वेळ असतो, तो चहा पितो तेवढ्यात होतं. सगळेच खाणवाले शून्य लिहू लागले तर तोही एक पुरावाच होईल, कारण घण, सुरुंग आणि पट्टा चालणाऱ्या धंद्यात वर्षभर कोणाचं बोटही चेचत नाही यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

दुसरी जागा दवाखाना. सिव्हिलच्या अपघात विभागात आणि तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत हाताला, डोळ्याला, पायाला चेचल्याची जखम घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारण्याचा आदेश काढावा: काम कुठे करता, आणि जखम झाली तेव्हा कुठे होता. उत्तर केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहावं. खासगी दवाखान्यांनाही वैद्यकीय संघटनेमार्फत हे कळवता येईल. डॉक्टरांना जखम वाचता येते. चेननं कापलेलं बोट आणि ड्रमनं ओढून उपटलेला अंगठा यातला फरक त्यांना दिसत नाही, असं मी मानत नाही. वेळ नसतो आणि कोणी विचारायला सांगितलेलं नसतं, एवढंच. या नोंदींची महिन्याची यादी कामगार आयुक्तांकडे आणि महासंचालनालयाकडे गेली, की मालकाची नोंदवही आणि दवाखान्याची यादी शेजारी ठेवून बघता येईल. मला वाटतं, पहिल्याच महिन्यात आपल्याला बरंच काही कळेल.

पैशांचं म्हणाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. स्वामित्वधनाच्या वर खाणवाल्यांकडून जो निधी त्यासाठी घेतला जातो तो खाणबाधितांसाठीच आहे, आणि त्यात आरोग्याला प्राधान्य आहे. त्यातून रस्ते, सभामंडप होत असतील तर होवोत. पण खाणीत ज्याचा डोळा गेला त्याच्याहून जास्त खाणबाधित कोण? खाणपट्ट्यांच्या टापूत डोळे आणि छाती तपासणारी गाडी महिन्यातून एकदा फिरली तरी फूल पडायच्या आत काही डोळे हाती लागतील.

एक विनंती मात्र आवर्जून. हे पत्र वाचून कोणी एका रात्रीत खाणी बंद करू नका. अपघाताची बातमी झाली की चार क्रशर सील करायचे, फोटो काढायचा, महिन्यानं सील निघायचं, हे आम्ही बघितलंय. त्या महिन्यात मालकाचं फार बिघडत नाही, स्टॉकमधली खडी विकली जाते. माणसांची हाजरी बुडते, उचल वाढते, आणि पुढच्या वेळी मुकादमाला पढवावंही लागत नाही, जखमी स्वतःच चेनचं नाव सांगतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाला, पालखी मार्ग झाले, पुढेही रस्ते होणार, त्यांना खडी लागणारच. दगड फोडणं हा आमचा पिढीजात धंदा आहे, तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमची माणसं सिद्धरामेश्वरांना मानतात. ज्यांनी या गावात तळं खोदून घेतलं त्यांच्या गावात दगडमातीच्या कामाला कमीपणा नाही.

मालकांमध्येही सगळे सारखे नाहीत. काहींनी जाळ्या परत बसवल्यात, काही जण बार उडवण्याआधी शेतांत माणूस पाठवतात. त्यांचं गाऱ्हाणं असं की आम्ही खर्च करायचा आणि शेजारचा जाळी काढून आमच्यापेक्षा ब्रासमागे स्वस्त विकणार. गाऱ्हाणं खरं आहे. नियम सगळ्यांना एकदम लागला तरच ते सुटेल, आणि तो एकदम लावणं फक्त आपल्यालाच जमेल.

सोलापूर कामगारांचं गाव म्हणवतं. गिरण्या होत्या तेव्हा भोंग्यावर गाव चालायचं. विडी कामगार बायका मोर्चे काढून हक्काच्या घरांपर्यंत पोचल्या, कुंभारीच्या रे नगरमधली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला लोकांच्या ताब्यात आली. खाणकामगाराला असं बळ नाही. तो गावाबाहेर राहतो, खाणीबरोबर हलतो, अर्धे परमुलखातले, त्यांची मतदारयादीतली नावं तिसऱ्याच जिल्ह्यात. आमच्या वडार समाजासाठी आता आर्थिक विकास महामंडळ झालंय. कर्ज मिळेल, चांगलं होईल. पण दोन्ही हात शाबूत असलेल्यालाच त्या कर्जाचा उपयोग.

या पत्राची प्रत मी आपल्या आवक विभागात देऊन पोच घेतोय. जिल्ह्यात चालू असलेल्या खाणपट्ट्यांपैकी किती फायलींमध्ये कामगारांची यादी आहे आणि किती फायलींमध्ये अपघाताची एक तरी नोंद आहे, एवढी माहिती माहितीच्या अधिकारातही मागितली आहे. त्यासाठी 30 दिवस आहेत. तोवर आपण भेटीची वेळ दिलीत तर चार जखमी कामगारांना घेऊन येईन. ते नावानिशी बोलायला तयार आहेत, फक्त त्यांची नावं वर्तमानपत्रात येऊ नयेत. आणि भेट शक्यतो सोमवारी नको, आठवड्याचा पगार रविवारी होतो आणि सोमवारी गैरहजर राहिलेल्याला मुकादम पुढच्या आठवड्यात घेत नाही.

कळावे,
आपला,
खाणीवर वाढलेला एक सोलापूरकर

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी:
जिल्हा खनिकर्म अधिकारी, सोलापूर
कामगार आयुक्तालय, सोलापूर कार्यालय
अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सर्वोपचार रुग्णालय, सोलापूर
खाण सुरक्षा महासंचालनालय, धनबाद